ऋण काढून सण

दसरा-दिवाळी जवळ आली, कीं आमच्या नंदनवनांतील कुटुंबें खरेदीसाठीं इतवारी-सीताबर्डीची वाट धरतात. खिशांत रोकड नसली तरी क्रेडिट कार्ड असतें. परंतु कार्ड हें धन नव्हे, ऋण होय. विद्यार्थ्यांनीं हें गणितानेंच पडताळावें.

समजा, १०,००० रुपयांची खरेदी झाली. मुदतींत सर्व रक्कम फेडल्यास व्याज नाहीं. परंतु बिलांत 'किमान देय' म्हणून दाखविलेले शेंकडा ५, म्हणजे ५०० रुपयेच भरले तर? दरमहा शेंकडा ३.५ दरानें महिन्याचें व्याज ३५० रुपये, व्याजावर शेंकडा १८ प्रमाणें कर ६३ रुपये. म्हणजे ५०० पैकीं मुद्दलांत फिटले अवघे ८७! शिवाय बाकी राहिली, कीं नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतें.

'बिनव्याजी हप्त्यां'सही भुलूं नये. शून्य टक्के व्याज अशी वस्तुच अस्तित्वांत नाहीं, असें रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालीं बँकांस बजाविलें. तें व्याज पुष्कळदां निरनिराळ्या शुल्कांत दडलेलें असतें.

म्हणून पालकांनीं मुलांस जवळ बसवून खरेदीची यादी, शिलकेची रक्कम व फेडीची तारीख एकाच कागदावर मांडावी. शिलकेंत मावेल तेवढीच यादी ठेवावी; बाकीची निःशंक खोडावी. दिवाळीचे दिवे चार दिवसांत मालवतात. व्याज मात्र होळीपर्यंत जागें राहतें.