जुना संगणक फुकट, पण वीज?

प्रश्न : घरी जुना डेस्कटॉप पडून आहे. त्यावर ओपीएनसेन्स हे सॉफ्टवेअर टाकून फायरवॉल करावी म्हणतो. नवं यंत्र घेण्यापेक्षा हे स्वस्तच पडेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्या दिवशी स्वस्त पडेल, तीन वर्षांनंतर नाही. फायरवॉल चोवीस तास चालते. जुना डेस्कटॉप नुसता चालू असतानाही ६० वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे वर्षाला सुमारे ५२५ युनिट. युनिटला १० रुपये धरले, तर सव्वापाच हजार. दोन नेटवर्क पोर्टचा, बिनपंख्याचा छोटा पीसी १० वॉटवर भागवतो. वर्षाला पावणेनऊशे रुपये. १३ हजारांचं असं यंत्र तीन वर्षांत वसूल होतं.

पण घाई नको. तुमच्या राउटरमध्ये प्राथमिक फायरवॉल असतेच. त्याला अपडेट मिळत असतील आणि मूळ पासवर्ड तुम्ही बदलला असेल, तर साध्या घरगुती वापराला माझ्या मते तेवढी पुरते. कॅमेरे, स्मार्ट टीव्ही वेगळ्या नेटवर्कवर ठेवायचे असतील, तर मात्र वेगळं यंत्र जरूर घ्या. तोवर त्या डेस्कटॉपवर महिनाभर हात बसवा. प्लगला लावायचा वॉटमीटर मिळाला तर खरा आकडाही कळेल. वायफायसाठी जुना राउटर ठेवावाच लागेल, आणि नवं यंत्र छोट्या यूपीएसवर जोडा.