सायबरट्रॉनचा आखाडा

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे संपादकांनी "मराठी विभागासाठी लेख दे" म्हटल्यावर मी आधी मागेपुढे पाहिलं, माझ्याशीच बोलताहेत ना म्हणून! तेव्हा मित्रांनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. गणिताची चूक सापडली तर मात्र कँटीनमध्ये गाठून सांगा.

तर विषय असा. गॅदरिंगच्या आधी हॉस्टेलवर आमच्यात पैज लागली. ट्रान्सफॉर्मर्सच्या ग्रहासाठी, म्हणजे सायबरट्रॉनसाठी, एक खेळ तयार करायचा. खेळ गाड्यांचा हवा, ग्लॅडिएटरसारखा झुंजीचा हवा, आणि नियम एका पानात बसले पाहिजेत. परीक्षक मेकॅनिकलचे दोन सीनियर. म्हणजे "तिथे सगळं चालतं" ही पळवाट बंद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८४ साली अमेरिकेच्या हास्ब्रो कंपनीने जपानच्या ताकाराची खेळणी नव्या नावाने आणली, सोबत कार्टून आणि कॉमिक्स. गाडीचा रोबो होतो, रोबोची गाडी होते. पुढच्या काही कथांमध्ये मेगाट्रॉन हा खलनायक मुळात ग्लॅडिएटर होता असं दाखवलं आहे. २००७ च्या 'मेगाट्रॉन ओरिजिन' कॉमिकमध्ये तो आधी खाणकामगार असतो आणि मग आखाड्यात उतरतो. २०१० ला सुरू झालेल्या 'ट्रान्सफॉर्मर्स प्राइम'मध्ये तो काऑन शहरातला ग्लॅडिएटर. पण मी जेवढं पाहिलंय त्यात हे सगळे दोन पायांवर, माणसांसारखेच लढतात. अरे, चाकं कशाला दिली आहेत मग?

आमची पहिली आयडिया अगदी बाळबोध होती. दोन गाड्या समोरासमोर, शिट्टी वाजली की धडक, उभा राहील तो जिंकला. सीनियरने एकच प्रश्न विचारला, "वस्तुमान किती धरलंय?" आणि आम्ही गप्प.

मग गणित मांडलं. ऑप्टिमस प्राइम म्हणजे ट्रकचं डोकं, समजा ८,००० किलो. बंबलबी १९८४ मध्ये फोक्सवॅगन बीटल होता, समजा ८०० किलो. दोघेही ताशी ९० किमी, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने समोरासमोर आले आणि एकमेकांत अडकले, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने दोघे मिळून ट्रकच्याच दिशेने सुमारे २०.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने जात राहतील. म्हणजे ट्रकचा वेग बदलला फक्त साडेचारने, बीटलचा पंचेचाळीसने! ही झुंज नाही, हा अपघात आहे.

बरं, दोघांचा संवेग सारखा ठेवू म्हटलं, तर ट्रकला ताशी ९ किमीने यावं लागतं. त्याला बघायला तिकीट कोण काढणार? आणि एवढं करूनही बीटल २५ वरून शून्यावर येतो, ट्रक फक्त अडीचवरून. गतिज ऊर्जा सारखी ठेवली तर ट्रकला ताशी साधारण २८ किमी मिळतात, पण बीटल तरीही मागे फेकला जातोच. रात्रीचा दीड वाजला होता. रूममेटने "लाइट बंद कर" म्हणून उशी फेकली (तिचाही संवेग होता).

वाट सापडली ती रोमन लोकांकडे. त्यांनी ग्लॅडिएटर सारखे करण्याचा फारसा प्रयत्नच केला नाही. रेटिआरिअस नावाचा गडी जाळं आणि त्रिशूळ घेऊन जवळजवळ उघड्या अंगाने यायचा. त्याच्यासमोर सेक्युटर, मोठी ढाल, जड शिरस्त्राण, डोळ्यांना दोन बारीक भोकं. एकाला पळता येतं पण मार सोसत नाही. दुसऱ्याला मार सोसतो पण दिसत नाही आणि दम लागतो. जोडी विषम, पण सामना बरोबरीचा. खेळ डिझाइन करणाऱ्याने हे पाठ करून ठेवावं असं मला वाटतं.

मग आमचा ट्रक झाला सेक्युटर आणि बीटल रेटिआरिअस. इथे एक गंमत आहे. सपाट रस्त्यावर वळणाची किमान त्रिज्या वेगाच्या वर्गावर आणि घर्षणावर ठरते, वस्तुमान समीकरणातून उडून जातं. घर्षणांक ०.७ धरला तर २५ च्या वेगाला दोघांनाही सुमारे ९१ मीटर त्रिज्या लागते. पण हे कागदावर. ट्रकचा गुरुत्वमध्य उंच, त्यामुळे तो घसरण्याआधी कलंडू शकतो. म्हणजे वळणं वाढवा, बीटल आपोआप बलवान होतो. समोरासमोर धडक आम्ही सरळ बंद केली. अमेरिकेतल्या डिमॉलिशन डर्बीत जुन्या गाड्या एकमेकींवर आपटतात, तिथेही ड्रायव्हरच्या दारावर मारायला बंदी असते. आणि मुरलेले ड्रायव्हर रिव्हर्समध्ये येऊन मागच्या बाजूने ठोकतात, कारण पुढे रेडिएटर असतो. कुठे मारायचं नाही हे ठरलं की कुठे मारायचं याचं डोकं चालायला लागतं.

पण एवढ्याने तो गाड्यांचाच खेळ झाला. रूप बदलण्याचं काय? माझ्या मते सगळी मजा त्या बदलण्याच्या क्षणात आहे, कारण तेव्हाच गडी सर्वात कच्चा असतो. समजा रूप बदलायला ३ सेकंद लागतात. २५ च्या वेगाला तेवढ्यात ७५ मीटर गेले. चाकांवर ब्रेक मारला तर गाडी ४५ मीटरमध्ये थांबते. आता तोच ८ मीटर उंच रोबो होऊन उभा राहिला, गुरुत्वमध्य ४ मीटरवर, पाऊल दीड मीटर लांब. तोंडावर न पडता त्याला गुरुत्वत्वरणाच्या १९ टक्क्यांपेक्षा जोरात थांबताच येत नाही, म्हणजे जवळजवळ १७० मीटर हवेत! एक पाय दोन मीटर पुढे रोवला तर ६४. म्हणजे रोबो होऊन उभं राहणं ही कला आहे, आणि सिनेमात ते उगाच सोपं दाखवतात.

म्हणून मैदान असं आखलं. बाहेर लंबवर्तुळाकार धावपट्टी, तिथे फक्त गाडीचं रूप. मध्ये गोल आखाडा, तिथे फक्त रोबोचं. दोन्हींच्या मध्ये ८० मीटरचा पट्टा, रूप बदलायचं ते इथेच, आणि गुणही इथेच. बदलताना समोरच्याला पाडलं तर दोन गुण, न पडता आत पोचलात तर एक. शेवटी पाच मीटर उरतात, म्हणून वेग बाहेरच कमी करून यावं लागतं, आणि कमी केला की मागचा गाठतो.

आता खरा वाद. हरल्यावर काय? आमच्यातल्या एकाचं म्हणणं, "रोबोच आहेत, तोडा. हात गेला तर नवा लावतील." मागच्या वर्षी हे मीही म्हटलं असतं. पण मधल्या काळात आम्ही एका फेस्टला १५ किलो गटात रोबोवॉर खेळून आलो. समोरच्याकडे ३ किलोची, ४० सेंटिमीटरची फिरती पट्टी होती. ५,००० आरपीएमला त्यात साधारण साडेपाच किलोज्यूल ऊर्जा साठते. आमचा अख्खा रोबो बारा मजल्यांवरून खाली टाकल्यासारखं! आणि ती मॅच आम्ही जिंकलो बरं का. त्यांचा बेल्ट तुटला. पण आमचा गिअरबॉक्स फुटला, स्पेअर घेतला नव्हता, आणि पुढच्या मॅचला आम्ही नुसते उभे. दहा आठवड्यांचं काम, सगळ्यांची वर्गणी, आणि विजेत्यांच्या खोक्यात भंगार. एक जण परतीच्या एसटीत ते मांडीवर घेऊन बसला होता. कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर वाचनात आलं की दुसऱ्या शतकातल्या गायस नावाच्या रोमन कायदेपंडिताने हाच प्रश्न कायद्याचा म्हणून घेतलाय. करार असा, की ग्लॅडिएटर धडधाकट परत आला तर त्याच्या घामाचे २० दिनार, मेला किंवा कायमचा जायबंदी झाला तर १,०००. मग हे भाडं की विक्री? गायस सांगतो, परत आला तर भाडं, नाही आला तर विक्री. म्हणजे माणूस वाचला की खर्च पन्नासपट कमी! दया नसेना का, हिशेब तरी होता. पण त्यातली बोच अशी की पैसे मालकाला. शरीर ज्याचं, त्याचा करारात पत्ताच नाही.

सायबरट्रॉनवरही तेच विचारायला हवं. पार्ट बदलता येतो, मान्य. पण बदलून देणार कोण? २०२४ च्या 'ट्रान्सफॉर्मर्स वन'मध्ये खाणकामगारांना रूप बदलायचा कॉगच नसतो. आयाकॉन ५००० ही मोठी शर्यत त्यांनी फक्त बघायची. ओरायन पॅक्स आणि डी-१६ जेटपॅक लावून त्यात घुसतात, आणि हाच डी-१६ पुढे मेगाट्रॉन होतो. अशा समाजात "हात गेला तर नवा लावतील" हे वाक्य स्टँडमध्ये बसलेला माणूसच म्हणू शकतो.

आमचा तोडगा मात्र रोमहून आला नाही, शाळेच्या मागच्या मैदानातून आला. आमच्या सिस्टरना "गडी मेला!" अशी आरोळी ऐकून धक्का बसायचा, पण कबड्डीत मेलेला गडी जिवंत होतोच की, आपल्या बाजूने समोरचा एक मारला की झालं. तोच नियम घेतला. पट्ट्यात पडला तो मेला. त्याचा कॉग लॉक, तो गाडी होऊन रेषेबाहेर उभा. साथीदाराने समोरचा पाडला की लॉक उघडणार. कॉगवर मार म्हणजे संघ बाद. आणि दुरुस्तीचा खर्च गेटच्या पैशातून आधी वजा, बक्षीस नंतर. हा शेवटचा नियम माझा, गिअरबॉक्सच्या आठवणीने.

सीनियरनी दोन हरकती घेतल्या. एक, जेट होणाऱ्यांचं काय? त्यांना पट्टा उडून ओलांडता येतो. यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही, तूर्त जाळं लावलंय. दुसरी, १९८४ मधला साउंडवेव्ह टेपरेकॉर्डर होतो, तो कसा खेळणार? त्याला कॉमेंट्रीला बसवला. मग कोणीतरी खेळण्याचा जुना फोटो काढून दाखवला आणि सगळे हसत सुटले. १९८४ चा मेगाट्रॉन पिस्तूल होतो. त्याला चाकंच नाहीत. आमच्या नियमाप्रमाणे तो पात्रता फेरीतच बाद.