‘क्लिप’ : एका आगत शब्दाची दोन कुळे

परिभाषेच्या चर्चेत अमुक इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न नेहमी एकवचनी विचारला जातो. शब्द एक म्हणजे त्याचे मूळ एक, हे त्यात गृहीत धरलेले असते. ‘क्लिप’ या शब्दाच्या आधारे हे गृहीत तपासावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

साहित्य आणि संस्कृती मंडळ व विश्वकोश मंडळ यांच्या कार्यालयांमुळे प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिराच्या वास्तूचा कोशकार्याशी दीर्घकाळ संबंध राहिला. त्याच प्रभादेवीच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द सर्रास आढळतो : केसांची क्लिप, कागदांची क्लिप, दातांना लावलेली क्लिप. या सर्वांत धरून ठेवणे हाच अर्थ आहे. भ्रमणध्वनीवर फिरणारी ‘क्लिप’ मात्र काहीच धरून ठेवत नाही. तो चित्रणातून कापून काढलेला तुकडा असतो.

हा एकाच शब्दाचा अर्थविस्तार नव्हे. इंग्रजीत हे मुळात दोन शब्द आहेत. पहिला जुन्या इंग्रजीतील ‘क्लिप्पन’ या आलिंगनवाचक क्रियापदापासून आला. शेक्सपिअरच्या नाटकांतही तो आलिंगनाच्या अर्थाने येतो. दुसरा जुन्या नॉर्स भाषेतील ‘क्लिप्पा’, म्हणजे कातरणे, यावरून आला. जोडणे आणि तोडणे अशा परस्परविरुद्ध क्रिया अशा रीतीने एकाच रूपात एकत्र आल्या.

मराठीने हे दोन्ही शब्द एकाच स्त्रीलिंगी रूपात स्वीकारले. अनेकवचनही ‘क्लिपा’ असेच. तथापि मराठी पर्याय योजताच भेद उघड होतो. पहिल्या अर्थी चाप, चिमटा. दुसऱ्या अर्थी कात्रण, चित्रफीत. यांची अदलाबदल होत नाही. आलिंगनाकडून पकडीकडे झालेला प्रवासही मराठीला परका नाही. ‘मिठी’ आणि ‘मगरमिठी’ यांत तोच दिसतो. उलट ‘चाप’ बंदुकीलाही असतो आणि खर्चालाही लावला जातो. तेथे ‘क्लिप’ चालत नाही. म्हणजे दोन्ही शब्दांची अर्थक्षेत्रे केवळ अंशतः जुळतात.

तेव्हा मराठी कोशात ‘क्लिप’ची एक नोंद पुरेशी नाही. दोन स्वतंत्र नोंदी, आणि प्रत्येकीत वस्तूच्या कार्यानुसार पर्याय, अशी मांडणी हवी. अन्यथा पहिलाच प्रतिशब्द उचलणारा विद्यार्थी वृत्तपत्रातील कात्रणाला ‘बातमीचा चिमटा’ म्हणेल, आणि त्याचा दोष विद्यार्थ्याचा नसून कोशाचा असेल.