औषध तेच, नाव निराळे

गडचिरोलीत 'क्रोसिन' मागितली की तापाची गोळी मिळते. अमेरिकेत हे नाव चालत नाही. मग काय कराल? वेष्टनावरील बारीक अक्षरांत घटकद्रव्य वाचा : पॅरासिटॅमॉल. तेथे त्यालाच अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणतात. 'टायलेनॉल'मध्ये तेच असते. निराळ्या समजून दोन्ही गोळ्या घेतल्यास मात्रा वाढून यकृताला अपाय होऊ शकतो. हा घोळ टळावा म्हणून जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून औषधांची आंतरराष्ट्रीय नावे प्रसिद्ध करते.

आपल्या जंगलभागात हिवताप आढळतो. पॅरासिटॅमॉलने ताप उतरतो. रक्तातील हिवतापाचे परजीवी मात्र मरत नाहीत. म्हणून परदेशी ताप आल्यास आपण कोठून आलो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता घरातील तीन औषधांची वेष्टने पाहा आणि घटकद्रव्ये वहीत लिहा.