बागेची राखण, भावाची राखण



भातकापणी आटोपली, हवेत गारवा आला की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर सहलींचा हंगाम सुरू होतो. मुंबई-पुण्याची माणसे आपल्याकडे समुद्र पाहायला येतात. आपल्या मुलांना समुद्राचे काय अप्रूप! रेवदंडा, कोर्लई, मुरूड या पट्ट्यात वाढलेल्या मुलाला भरती-ओहोटी कोणी शिकवावी लागत नाही. पण घराच्या पाठीमागे जो डोंगर उभा आहे, त्यावरील चार झाडांची नावे विचारली तर आपण गप्प होतो. म्हणूनच यंदा धर्मशिक्षणाच्या वरच्या वर्गांतील मुलांना व महाविद्यालयीन तरुणांना फणसाडच्या जंगलात पायी न्यायचे ठरले आहे. त्यांच्या तयारीसाठी हा पाठ. पालकांनीही तो वाचावा.

फणसाड मुरूड व रोहा तालुक्यांत पसरलेले आहे. पूर्वी ही जंजिऱ्याच्या नवाबांची राखीव शिकारीची जागा होती. संस्थान विलीन झाले, आणि पुढे 1986 मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले. एकेकाळी शिकारीसाठी राखलेले रान आता प्राण्यांसाठी राखले जाते. शब्द तोच, 'राखणे'. अर्थ मात्र उलटा झाला. या शब्दापाशी आपण थोडे थांबू या.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात (2:15) परमेश्वर मनुष्याला एदेन बागेत ठेवतो आणि त्याच्याकडे दोन कामे सोपवतो : बागेची मशागत आणि बागेची राखण. राखण करण्यासाठी मूळ हिब्रू भाषेत 'शामर' हे क्रियापद आहे. आता चौथा अध्याय उघडा. काइनाने हाबेलाला ठार मारले आहे. देव हाबेलाविषयी विचारतो, तेव्हा भावावर राखण ठेवणे हे आपले काम नव्हेच, असा काइनाचा उद्धट सूर आहे (4:9). त्याच्या तोंडी आलेला शब्द याच धातूपासून झालेला आहे. बागेच्या बाबतीत जे काम मनुष्याला दिले होते, तेच भावाच्या बाबतीत त्याने झटकून टाकले. गणनेच्या सहाव्या अध्यायात याजकांनी लोकांना द्यावयाचा आशीर्वाद आहे. तेथे देव आपले रक्षण करो असे म्हणताना पुन्हा हेच क्रियापद येते. म्हणजे देव आपली राखण करतो, आणि आपण भावाची व बागेची करायची. 'पर्यावरण' आणि 'शेजारधर्म' अशी दोन वेगळी प्रकरणे आपण पाडतो, पवित्र शास्त्र पाडत नाही.

हे जंगलाच्या वाटेवर कसे उतरते ते पाहा. वीस-पंचवीस जणांचा गट चालू लागला की पाच-सहा दणकट मुले झपझप पुढे जातात आणि शेवटी दोघे-तिघे धापा टाकीत राहतात. पुढचे एखाद्या सावलीत बसून मागच्यांची वाट पाहतात, आणि मागचे पोहोचले की लगेच उठून चालू लागतात. परिणामी ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती मिळते, आणि ज्यांना होती त्यांना मिळत नाही! आपल्या संस्थांचा कारभारही पुष्कळदा असाच चालतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

म्हणून आपला नियम असा : जो सर्वांत हळू चालतो तो वाटाड्याच्या लगेच मागे, आणि त्याच्या चालीने सर्वांची चाल. जो सर्वांत ताकदवान तो सर्वांत शेवटी. त्याच्या मागे कोणीही राहणार नाही, हीच त्याची कामगिरी. वाट जेथे फुटते तेथे थांबून डोकी मोजायची. बूट चावत असेल तर पहिल्या दहा मिनिटांत सांगायचे, फोड आल्यावर नव्हे. त्रास लपवणे हा पराक्रम नाही, कारण दुपारी त्या मुलाला उचलून आणायचे काम इतरांना करावे लागते.

चालताना जोड्या बदलायच्या, अशीही सूचना आहे. 1950 च्या दशकात पोलंडमध्ये फादर कॅरोल वोयतिवा, म्हणजेच पुढे पोप झालेले संत जॉन पॉल दुसरे, विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरांत आणि नद्यांवर जात. कम्युनिस्ट राजवटीत धर्मगुरूने तरुणांचे गट चालवणे धोक्याचे होते, म्हणून मुले त्यांना 'काका' म्हणत. होडीत दोघांची बैठक असे, आणि काका दररोज वेगवेगळ्या सोबत्याबरोबर वल्हवीत. अशा वेळी ज्याच्याशी एरवी बोलणे होत नाही त्याच्याशीही बोलावेच लागते. उलटी ठेवलेली होडी हीच त्यांची वेदी. 1958 मध्ये साहाय्यक बिशप म्हणून नेमणूक झाल्याचे कळले तेव्हाही ते अशाच सहलीवर होते.

आता बागेकडे वळू. फणसाडमध्ये शेकरू आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ही तांबूस रंगाची मोठी खार सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उड्या घेत जाते. फांदीला फांदी भिडलेली असणे हाच तिचा रस्ता. मधली दोन झाडे गेली की तिचा रस्ता तुटला. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या ते आपण पाहिले आहे. वाडीत आपण रोपे पुन्हा लावली. रानातले मोठे झाड मात्र उभे राहायला कित्येक दशके जातात, आणि त्याचे रोप वणव्यातून वाचले तरच. उन्हे वाढली की पालापाचोळा कोरडा होतो. एका विडीने किंवा चुलीतल्या निखाऱ्याने रोपे जळतात, जमिनीवरील पक्ष्यांची अंडीही जळतात. म्हणून जंगलात चूल नाही. डबा घरूनच न्यायचा.

पाणवठ्याला तिकडे 'गाण' म्हणतात. गाणापाशी पाहायचे, पण तळ ठोकायचा नाही. आपण बसून राहिलो तर भेकर आणि सांबर तहानलेलेच परत जातील. वानरांना बिस्किटे घालायची नाहीत. गारंबीच्या वेलीच्या भल्यामोठ्या शेंगा मोह पाडतात. त्या तेथेच राहू द्यायच्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही नेता येत नाही. मोबाईलवर गाणी तर नाहीतच.

काहींना वाटेल, देवळाचा याच्याशी काय संबंध? त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा इतिहास पाहावा. येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचा वनस्पतिसंग्रह आजही तेथे आहे. व्यापाराचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचे मन पक्ष्यांत आहे हे याच फादरांनी ओळखले आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळवले. तो तरुण म्हणजे सालिम अली. त्यांनी 1930 मध्ये आपल्याच किहीमला राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच पुढचे काम! फादर सांतापाऊ हेही येशूसंघीय. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले.

आपल्यात कोणी ब्लॅटर नाही, पण वाटाड्या आहे. तो गावचा माणूस. त्याला 'ए' म्हणून हाक मारायची नाही. दादा, मामा जे शोभेल ते म्हणायचे, आणि झाडाचे नाव त्याच्याकडून शिकायचे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या पत्रात आदिवासी समाजांविषयी लिहिले आहे की त्यांच्यासाठी जमीन ही विक्रीची वस्तू नाही, आणि त्यांच्या भूमीविषयी ठरवताना प्रथम त्यांच्याशी बोलावे. आपल्या जिल्ह्यातील कातकरी व ठाकर बांधवांशी आपण शेवटचे कधी बोललो? मजुरीचा दर ठरवण्यापलीकडे?

सहल रविवारी पहाटे निघेल, म्हणून जाणाऱ्या सर्वांनी शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्साला हजर राहावे. रविवारची मिस्सा बुडवून सृष्टीचा उत्सव करता येत नाही. प्रत्येकाने दोन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि एक रिकामी पिशवी आणावी. पिशवी स्वतःच्या कचऱ्यासाठी आहे. वाटेत दुसऱ्याचा सापडला तर त्यालाही तिच्यात जागा आहे. दम्याचा किंवा इतर काही त्रास असेल तर पालकांनी नाव नोंदवतानाच सांगावे, म्हणजे पुढे कोण चालणार ते आधीच ठरवता येईल.