हक्कापासून व्यवहारापर्यंत : मेंढा (लेखा) ग्रामसभेचा धडा

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटेसे गाव. येथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसंमतीने निर्णय घेते. तत्पूर्वी अभ्यासगटात विषयाची माहिती मिळवून तीवर चर्चा केली जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक वनहक्क प्राप्त झाला. बांबू हे गौण वनोपज असल्याचे कायद्यातच नमूद आहे. तथापि वाहतूक परवान्याविना तोडलेला बांबू बाहेर नेता येत नव्हता. हक्क होता, विक्री मात्र अडली होती. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वन व पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा ही कोंडी फुटली.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. हक्काचा आदेश देणे ही लोकसेवेची पहिली पायरी होय. त्या हक्काच्या वापरास लागणारा अखेरचा कागद ग्रामस्थांच्या हाती पडल्याखेरीज ती सेवा पूर्ण होत नाही. कोणता कागद अडला आहे, हे ओळखण्यासाठी ग्रामस्थांनीही कायदा समजून घेतला पाहिजे. गावोगावचे शिक्षक व पंचायत सदस्य यांनी असे अभ्यासगट उभे करण्यास साहाय्य करणे अगत्याचे आहे.