तुळजापूरची यात्रा : एका दिवसाची की मुक्कामाची?

साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली श्री तुळजाभवानी ही महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी होय. तिच्या दर्शनास निघताना मुक्काम करावा की त्याच दिवशी परतावे, हा प्रश्न बहुतेक कुटुंबांपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर अंतरावरून नव्हे, तर यात्रेच्या हेतूवरून ठरवणे इष्ट ठरते.

केवळ दर्शन घेऊन ओटी भरावयाची असल्यास एक दिवस पुरेसा असतो. सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर, तर धाराशिव सुमारे २५ किलोमीटर अंतरावर असून दोन्हीकडून एस.टी.ची सोय आहे. मात्र मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा व नवरात्र या काळात दर्शनरांगेस किती वेळ लागेल, हे आधी सांगता येत नाही.

पंढरपूर, तुळजापूर व अक्कलकोट ही तिन्ही स्थाने एकाच दिवसात करण्याचा प्रघात अलीकडे वाढला आहे. सोलापूरमार्गे हा प्रवास सुमारे २०० किलोमीटरचा होतो. त्यातील चार-पाच तास रस्त्यावर जातात आणि उरलेला वेळ तीन ठिकाणच्या रांगांत विभागला जातो. अशा घाईत सर्वाधिक हाल होतात ते वृद्धांचे व बालकांचे. श्रीदेवीचे मंदिर सखल भागात असल्याने महाद्वारातून पायऱ्या उतरून जावे लागते व परतताना त्याच चढाव्या लागतात. घरातील सर्वांत थकलेल्या व्यक्तीस जे झेपेल, तेच यात्रेचे वेळापत्रक समजावे.

कुलाचार करावयाचा असेल, तर मुक्काम अवश्य करावा. पहाटेचे चरणतीर्थ, सकाळचे अभिषेक, सायंकाळची पूजा व रात्रीची प्रक्षाळपूजा हा श्रीदेवीचा नित्यक्रम आहे. कल्लोळ तीर्थावरील स्नान, परडी भरणे व जोगवा यांस निवांतपणा लागतो, तर गोंधळ परंपरेने रात्री घातला जातो. नवविवाहित जोडपे प्रथमच येत असल्यास घरातील ज्येष्ठांकडून हे विधी समजून घेण्याची हीच संधी असते. निवासासाठी भक्तनिवास आहेत. पुजाऱ्यांच्या घरी उतरण्याची जुनी रीतही चालू आहे.

तिथी मात्र आधी पाहावी. शारदीय नवरात्रापूर्वी, दसऱ्यानंतर कोजागरी पौर्णिमेपर्यंत आणि शाकंभरी नवरात्रापूर्वी श्रीदेवीची मंचकी निद्रा असते. त्या दिवसांत मूर्ती सिंहासनावर नसून पलंगावर असते. सिंहासनावरील अभिषेक होत नाहीत. अभिषेकाचा संकल्प करून दूरवरून आलेल्या कुटुंबास ही गोष्ट तेथे पोहोचल्यावर कळल्यास मनास रुखरुख लागते.

देणगी वा वस्तू अर्पण करणाऱ्यांनी मंदिर कार्यालयाच्या वेळेत येऊन रीतसर पावती घ्यावी. त्यासाठी दिवसाची वेळ राखून ठेवावी.

वर्षातून दोनदा धावती भेट देण्यापेक्षा दोन वर्षांतून एकदा मुक्कामी येणे अनेक कुटुंबांस अधिक समाधानकारक ठरते. सर्व भाविकांची यात्रा श्रीकृपेने निर्विघ्न पार पडो, ही श्रीचरणी प्रार्थना.